टॉवेलाखालची तीन बोटं

संपतराव एजंटानं सलीमला फसवलं, आणि फसवताना हात माझा वापरला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला चोर कोण याचा विचार शेवटपर्यंत करत बसायला नको.

संपादकांनी मला परदेशातल्या साखर कारखान्यांमधल्या गमती लिहायला सांगितल्या होत्या. गमती आहेत, त्याही येतील. पण मी आयुष्यात जी थोडी पत्रं लिहिली, त्यातली सगळ्यात जास्त एका गव्हर्नरला लिहिली, आणि तीही लढाई चालू असलेल्या देशात. तेवढं सोडून दुसरं काही लिहायला बसलो तर हात चालत नाही.

मी कुंडलच्या बाजूचा. वडील बैलांचे दलाल होते. म्हसवड, खरसुंडी, जिथं बाजार भरेल तिथं जायचे आणि मला बरोबर न्यायचे. बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात धरतात, वर टॉवेल टाकतात, आणि टॉवेलाखाली बोटं दाबून आकडा सांगतात. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन. शेकडा की हजार, तेवढं तोंडानं बोलायचं. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. शेवटी हात घट्ट दाबला की सौदा झाला. त्यानंतर कुणी फिरला, तर पुढच्या बाजाराला दलालानं उभं राहून जाब द्यायचा. माझ्या वडिलांना एकदा असं उभं राहावं लागलं होतं. विकणारा फिरला होता, चूक त्यांची नव्हती, तरी उभे राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी शाळेत टिकलो नाही. साखर कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, मोळ्या टाकायला लागलो आणि भांडत भांडत पॅनवर पोचलो. पॅन म्हणजे दुमजली घराएवढं बंद लोखंडी भांडं. आतली हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे उसाचा पाक कमी आचेवर उकळतो, करपत नाही. त्यात साखरेचं बारीक बी सोडायचं आणि दाणा वाढवत न्यायचा. घाई केली की धुळीसारखा खोटा दाणा पडतो, उशीर केला की सगळा ऐवज घट्ट होऊन बसतो. पॅनमन मधून मधून नमुना काढतो, काचेवर पसरून उजेडाला धरतो, आणि अंगठा-बोटात घेऊन तार बघतो. आता यंत्रं सगळं सांगतात म्हणे. सांगू देत.

आफ्रिकेतल्या कारखान्यांना आपल्याकडची माणसं लागतात. सातारा-सांगलीतून पॅनमन, फिटर, टर्बाइनवाले तिकडं जातात. माझा राग तोंडावर आणि आवाज मोठा, त्यामुळे करार ठरवायला सगळे मलाच पुढं करायचे. मी तूरडाळीवरून एका कारखान्याच्या मॅनेजरशी तीन दिवस भांडलेला माणूस आहे. डाळ आली. वर लोणचंही आलं. सांगलीत संपतरावाचं ऑफिस होतं, तो माणसं पाठवायचा. मी त्याच्याकडूनही कधी कमी घेतलं नाही. तो म्हणायचा, नाना, तुमच्याशी बोलताना मला बनियनसुद्धा धरून ठेवावं लागतंय. मला तेव्हा ते कौतुक वाटायचं.

शेवटची खेप सुदानची. कुठलं राज्य ते लिहीत नाही. आपला माणूस तिकडं आहे, आणि कोण कुठं वाचेल सांगता येत नाही.

आम्ही नऊ जण होतो. त्यातला सलीम मिरजेचा, टर्बाइनवर. त्याच्या घरात तंबोरे बनवतात. वडील गेल्यावर थोरल्या बहिणीनं, राबियाआपानं, त्याला वाढवला. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर टिचकी मारून तो पक्का वाळला की नाही हे सांगणाऱ्या घरातला हा पोरगा टर्बाइनच्या अंगाला कान लावून कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचा. चाळिशीचा होता, पण माझ्यापुढं पोरगाच. संध्याकाळी कॉलनीत करमायचं नाही, तेव्हा मी त्याला टॉवेलाखालचा सौदा शिकवला. आम्ही नसलेले बैल विकत घ्यायचो. एकदा त्यानं माझ्याकडून असा एक खिल्लार घेतला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तक्रार केली, नाना, तुमचा बैल लंगडतोय. मी म्हटलं, लंगडतोय म्हणूनच स्वस्तात दिला, गड्या.

लढाई सुरू झाली तेव्हा गाळप संपत आलं होतं आणि रमजान चालू होता. राजधानीत सैन्याचेच दोन तुकडे एकमेकांवर तोफा डागत होते. आमच्याकडं पहिले काही दिवस फक्त माणसं यायची, राजधानीतून पळालेली, गाद्या, भांडी, म्हाताऱ्या घेऊन. मग रस्त्यावर चौक्या बसल्या. आपल्या सरकारची जहाजं बंदराला लागली होती, पण बंदरापर्यंत आपलं आपण पोचायचं होतं. वाटेत अडवणारे कुठल्या बाजूचे हे त्यांच्या कपड्यांवरून कळत नव्हतं. राज्याच्या गव्हर्नरचा परवाना असेल तर गाडी जाऊ द्यायचे, डिझेलही मिळायचं. नसेल तर गाडीही जायची आणि माणूसही.

तिकडं गव्हर्नरला वाली म्हणतात. कारखान्याचा मॅनेजर केव्हाच निघून गेला होता. पत्र लिहायचं माझ्यावर आलं.

पहिलं पत्र मी माझ्या स्वभावाप्रमाणं लिहिलं. आम्ही तुमच्या राज्यात साखर केली, आता आम्हाला दोन गाड्या आणि परवाना द्या, नाही दिला तर जबाबदारी तुमची. इंग्रजी मोडकंतोडकं, पण राग व्यवस्थित. आमचा स्टोअरकीपर उस्मान तिथलाच, पत्र वालीच्या कचेरीत तोच नेणार होता. त्यानं ते वाचलं आणि नेण्याआधी मला दाखवून दाखवून हसला. त्याचं म्हणणं असं, की यात तू वालींच्या तब्येतीची चौकशी केलेली नाहीस, त्यांच्या भावाबहिणींची नाही, यंदा पाऊस कसा होईल हे विचारलं नाहीस. अशा पत्राला कोण उत्तर देईल? मी भडकलो. माणसं मरताहेत आणि मी त्याच्या पावसाची चौकशी करू? उस्माननं शांतपणे पत्र नेलं. उत्तर आलं नाही.

मग मला माझेच वडील आठवले. बाजारात गेल्या गेल्या बैलाचा भाव विचारणारं गिऱ्हाईक अडाणी. आधी वैरणीचं बोलायचं, पाऊसपाण्याचं बोलायचं, बैलाकडं बघायचंसुद्धा नाही. दुसरं पत्र उस्माननं अरबीत लिहिलं, मी सांगत गेलो. निम्मं पत्र वालींच्या तब्येतीवर होतं. परवान्याची ओळ अगदी शेवटी, जाता जाता आठवल्यासारखी.

दोन दिवसांत उत्तर आलं, अर्ध्या कागदावर, खाली हिरवा शिक्का. त्यांनीही आधी आमच्या तब्येतीची चौकशी केली होती. मग विचारलं होतं, कारखान्याचं टर्बाइन कोण चालवतं?

समोरचा बैलाचे दात बघायला लागला की समजायचं, त्याला कुठला बैल हवाय ते ठरलंय.

कारखान्यात उसाच्या चिपाडावर बॉयलर पेटतो, बॉयलरच्या वाफेवर टर्बाइन फिरतं, टर्बाइनची वीज. हंगाम संपला तरी चिपाडाचा डोंगर शिल्लक होता. गावाची लाइन तुटली होती. कालव्यावरचे पंप आणि दवाखाना आमच्या विजेवर चालत होते, आणि राजधानीतून आलेली हजारो माणसं तेच पाणी पीत होती. वालीचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून भांडायला जड गेलं. खोट्या माणसाशी मी चांगला भांडतो.

मी लिहिलं, सगळे जाऊ, जाण्याआधी इथल्या दोघांना काम शिकवून जाऊ. उत्तर आलं, शिकलेले दोघे पहिल्या गोळीला पळतील, आठ जण जा, टर्बाइनवाला राहू दे. मी लिहिलं, त्याच्याऐवजी मी राहतो. हे पत्र लिहिताना मी उस्मानला तब्येतीच्या ओळी कमी करायला सांगितल्या. त्याचं उत्तर सगळ्यात लहान होतं. उस्माननं वाचून दाखवायला आढेवेढे घेतले. साखर शिजवणाऱ्याचा आम्हाला सध्या उपयोग नाही, असं त्यात होतं. उभ्या जन्मात माझी किंमत कुणी इतक्या सरळ सांगितली नव्हती.

शेवटच्या पत्रात त्यांनी एवढं कबूल केलं की भारतातून दुसरा टर्बाइनवाला आला की त्याच दिवशी सलीमला परवाना देऊ. आता दुसरा माणूस पाठवायचा तर संपतरावानं. फोन महाप्रयासानं लागला. संपतराव म्हणाला, "नाना, काळजीच करू नगा. कराडचा पोरगा तयार हाय. बॅग भरून बसलाय. तीन आठवड्यांत तिथं उभा करतो."

मी म्हटलं, "संपत, शब्द?"

"आवं, शब्द म्हंजे काय, हातच दिला समजा."

फोनवर हात देता येत नाही. हे मला तेव्हा सुचायला पाहिजे होतं. वडिलांना सुचलं असतं.

मी सगळ्यांना बोलावलं आणि वालीची अट सांगितली. कुणी सलीमकडं बघेना. ईदनंतरचे सहा रोजे चालू असल्यामुळं त्यानं पाणीही घेतलेलं नव्हतं, ओठ सुकलेले. तो उठला, माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला, माझा हात धरला आणि वर टाकला. इतरांना वाटलं, ह्याही वेळेला याला खेळ सुचतोय. तो हळूच म्हणाला, "आठवडं."

मला कळलं. किती आठवडे राहायचं त्याचा सौदा तो माझ्याशी करत होता. सगळ्यांसमोर बोलला असता तर प्रत्येकाला काहीतरी बोलावं लागलं असतं, रडावं लागलं असतं, मीही थांबतो असं खोटं म्हणावं लागलं असतं. टॉवेलाखाली ते दोघांतच राहत होतं.

मी त्याचं एक बोट दाबलं. त्यानं मान हलवली आणि माझी पाचही बोटं धरली. मी दोन. तो चार. मी पुन्हा दोन. हातावर घाम आला होता, त्याचा की माझा ते कळत नव्हतं. राहणारा जास्त आठवडे मागत होता आणि जाणारा कमी. असा सौदा कुठल्या बाजारात झाला नसेल. शेवटी त्यानं तीन बोटं धरली आणि सोडेचना. संपतरावानंही तीनच सांगितले होते. मी हात दाबला.

टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकताना तो म्हणाला, "नाना, गिऱ्हाईक म्हणून तुमी लय वाईट. बैल लंगडा निघाला तर परत आणू नगा."

दुसऱ्या दिवशी आम्ही आठ जण निघालो. वालीनं शब्द पाळला. गाड्या दिल्या, डिझेल दिलं, प्रत्येक चौकीवर तो हिरवा शिक्का बघून बंदुका खाली झाल्या. हे मी मुद्दाम लिहितोय. ज्याच्याशी मी भांडलो त्यानं ठरल्याप्रमाणं केलं. ज्याच्याबरोबर मी वीस वर्षं चहा प्यालो त्यानं केलं नाही.

गावी आलो तर स्वागत झालं. हार घातले, पेपरात फोटो आला. मी पहिल्या आठवड्यात संपतरावाच्या ऑफिसात गेलो तर म्हणाला, व्हिसाचं बघतोय. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, परिस्थिती नाजूक आहे. तिसऱ्या आठवड्यात तो ऑफिसातच नव्हता. मग मी कराडला गेलो. कुठला पोरगा तेवढं त्यानं एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. कारखान्याच्या गेटवर त्याला गाठलं. बिचारा डबा खात होता. म्हणाला, "सुदान? मला कुणी इचारलंच न्हाई. आन इचारलं असतं तरी बायकू सोडंल व्हय?"

त्या दुपारी सांगलीत परत येऊन मी संपतरावाच्या टेबलाची काच फोडली. त्यानं पोलीस बोलावले. संध्याकाळपर्यंत मी चौकीत बसलो. फौजदार माणूस बरा होता. म्हणाला, नाना, वय काय तुमचं, असं करतात का. मी म्हटलं, वय आहे म्हणूनच काच फोडली, नाहीतर दुसरं काही फोडलं असतं.

सलीमचा फोन अधूनमधून लागायचा. चौथ्या आठवड्यात लागला तेव्हा मागं टर्बाइनचा आवाज ऐकू येत होता, एकसुरी, तंबोऱ्यासारखा. मी सगळं सांगितलं, कराडचा पोरगाही सांगितला. तो म्हणाला, "पंपावर लय गर्दी असती, नाना. बाया पहाटंपास्नं घागरी लावत्यात." एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी वालीला पुन्हा पत्रं लिहायला लागलो. सांगलीच्या पोस्टात गेलो तर खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, त्या देशाचं टपाल बंद आहे. मिरजेतल्या मदरशातले एक मौलाना माझी पत्रं अरबीत करून द्यायचे, मी त्यांचे फोटो उस्मानला पाठवायचो आणि तो कचेरीत नेऊन द्यायचा. तब्येतीची चौकशी मी एकदाही विसरलो नाही. एकदाच उत्तर आलं, उस्माननं त्याचा फोटो पाठवला. वालीच्या कचेरीनं लिहिलं होतं की तुमच्या सांगलीच्या एजंटाचं पत्र आमच्याकडं आलेलं आहे. सदर तंत्रज्ञ स्वखुशीनं पुढच्या हंगामापर्यंत राहत आहे, बदली माणसाची गरज नाही, असं त्यानं कळवलं आहे. तरी आपण पुन्हा पुन्हा का विचारता?

मौलानांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं.

माणूस पाठवायचा त्रास नको, एवढ्यासाठी संपतरावानं एका कागदावर सलीमची खुशी लिहून टाकली होती. कचेरीनं त्याची तारीख दिली होती, मी बंदर गाठलं त्याच आठवड्यात लिहिलेला कागद होता तो. माझ्याशी फोनवर बोलून झाल्यावर लगेच.

मग लढाई त्या राज्यात शिरली. वाली बदलला, नंतर पुन्हा बदलला म्हणतात. सलीमचा फोन बंद झाला. उस्मान घरच्यांना घेऊन सीमेपलीकडं गेला. त्याचा शेवटचा निरोप असा, की आम्ही निघालो तेव्हा टर्बाइन थांबलं होतं, कारखान्यात माणूस दिसला नाही, आणि मेलेलंही कुणी दिसलं नाही. या शेवटच्या वाक्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. सरकारी कचेऱ्यांत अर्ज दिले. तिथं विचारतात, तुम्ही नात्यानं कोण? सौदा केलेल्या माणसाचं नातं कुठल्या रकान्यात लिहायचं?

आता मी घरीच असतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात. बरोबर आलेले सात जण सातारा जिल्ह्यात, कुणी कोरेगावला, कुणी वाईला. पहिल्या वर्षी फोन यायचे. आता लग्नाची पत्रिका येते, माणूस भेटत नाही. त्यांचंही बरोबर आहे. मला बघितलं की त्यांना तो टॉवेल दिसतो. गावात पारावर गेलो तर कुणीतरी विचारतं, काय नाना, गव्हर्नरसाहेब काय म्हणत्यात? हसण्यावारी विचारतात. मी आधी भांडायचो, आता घरी येतो. हंगाम सुरू झाला की कारखान्याकडून मळीचा वास येतो आणि रात्रभर चालणाऱ्या यंत्रांचा घुमणारा आवाज. लोकांना झोप लागते त्यात. मी खिडकी लावून घेतो.

महिन्यातून एकदा मात्र मी मिरजेला जातो. राबियाआपा दारातच खुर्ची टाकतात. आत आडव्या दांडीला भोपळे टांगलेले असतात, लाखेचा वास येत असतो. त्या चहा देतात आणि आपलं काम करत बसतात. बोलत नाहीत. मी आलो एवढं त्यांनी बघितलं की माझं काम झालं. वडील बाजारात उभे राहिले होते, तसा मी तिथं बसतो.

गेल्या खेपेला त्या पहिल्यांदा बोलल्या. हातातली तंबोऱ्याच्या नक्षीची पट्टी खाली ठेवून विचारलं, "त्यानं किती बोटं धरली होती?"

मी म्हटलं, "तीन."

"तुमच्या हातावर भरवसा ठिवून धरली."

मी मान हलवली.

"आन तुमी कुणाच्या हातावर भरवसा ठिवला?"

मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्यो का येत न्हाई इथं? तुमी एकटंच येताय."

म्हणून हे लिहिलं. संपतराव, तुझं आता मोठं ऑफिस झालंय, दारावर दोन पाट्या आहेत. याच अंकात पुढं कुठंतरी तुझी दिवाळीच्या शुभेच्छांची जाहिरात असेल, हात जोडलेल्या फोटोसकट. ते जोडलेले हात सोड आणि त्यातला एक घेऊन मिरजेला ये. टॉवेल मी आणतो, तोच आहे, अजून धुतलेला नाही. राबियाआपांच्या दारात बस, टॉवेलाखाली हात घाल, आणि त्यांच्या भावाची खुशी तू कुणाला विचारून लिहिलीस ते त्यांना सांग. बोटानं नको. तोंडानं सांग, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.